एकट्याच्या शूटरची निवड : शीव कोळीवाडा ते लॅमिंग्टन रोड

शूटर म्हणजे बंदूक हाती घेऊन पुढे सरकत जायचा गेम. एकट्याने खेळायच्या शूटरमध्ये समोरचे सगळे शत्रू संगणकच चालवतो. खेळणाऱ्याला दुसरा भिडू लागत नाही आणि मुळात इंटरनेटही लागत नसे. मुंबईच्या घरांत हा प्रकार १९९०च्या दशकाच्या मध्यापासून शिरला. शीव कोळीवाडा, अँटॉप हिल, वडाळा, परळ, लालबाग या पट्ट्यात असा नवा गेम कसा निवडला जाई, याचा इतिहास आवडीनिवडीचा कमी आणि अडचणींचा जास्त आहे. कोणता गेम आवडेल हा प्रश्न शेवटी येई. आधी तो मिळतो का हे पाहावे लागे, आणि मिळाला की एकच सवाल उरे : घरच्या मशीनवर चालेल का?

शीव म्हणजे वेस. मुंबई बेट जिथे संपत असे आणि साष्टी सुरू होई ती ही सीमा. इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात इथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो याच कारणाने. कोळ्यांच्या जुन्या वस्तीमुळे आसपासच्या भागाला कोळीवाडा हे नाव पडले. फाळणीनंतर पंजाबकडून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी बराकींत आसरा मिळाला आणि १९५०च्या दशकात त्यांच्यासाठी २५ इमारती उभ्या राहिल्या. हार्बर मार्गावरच्या कोळीवाडा स्टेशनाचे नाव पुढे गुरू तेग बहादूर नगर झाले, तरी लोकांच्या तोंडी कोळीवाडाच राहिला. मराठी, पंजाबी, तमिळ कुटुंबे जवळजवळ राहणाऱ्या या भागात घरे लहान आणि माणसे जास्त. एका खोलीच्या घरात संगणकाचे टेबल ठेवायचे तर कपाट नाहीतर पलंग सरकवावा लागे. या टेबलाची जागा लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही, कारण गेम कधी आणि कोणासमोर खेळायचा हे तिनेच ठरवले.

संगणकाच्या आधी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. १९९०च्या दशकात जपानी निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला भारतात स्वस्तात मिळू लागल्या. मीडिया कंपनीचा ‘लिटल मास्टर’ हे त्यांतले घरोघरी माहीत असलेले नाव. ‘डक हंट’मध्ये प्लॅस्टिकची बंदूक टीव्हीच्या पडद्यावर रोखून बदके मारायची आणि ‘काँट्रा’त दोघांनी मिळून पळत पळत गोळ्या झाडायच्या. निवडीला इथे फारसा वाव नव्हता. एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचे वेष्टनावर छापलेले असे आणि प्रत्यक्षात तेच दहा-बारा गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. कॅसेट मित्राशी अदलाबदल करून खेळायची ही सवय मात्र इथेच रुजली, आणि पुढे सीडीच्या जमान्यात ती जशीच्या तशी उतरली.

शूटर या प्रकाराला आजचे रूप अमेरिकेत टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने दिले. तिचा ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ ५ मे १९९२ रोजी आला आणि ‘डूम’ १० डिसेंबर १९९३ रोजी. दोन्ही शेअरवेअर पद्धतीने वाटले गेले : पहिला भाग फुकट, कोणीही कोणालाही द्यावा, आवडला तर पुढचे भाग विकत घ्यावेत. ‘डूम’चा फुकट भाग नऊ लेव्हलचा होता आणि दोन फ्लॉपींवर मावत असे. मुंबईत तो ऑफिसांतल्या आणि कॉम्प्युटर क्लासमधल्या ३८६ आणि ४८६ मशीनवर पसरला. पुढचे भाग विकत घ्यायचे तर डॉलर अमेरिकेत पाठवावे लागत, त्यामुळे खरेदीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. फुकट तेवढाच भाग म्हणजे पूर्ण गेम, अशी अनेकांची समजूत होती. अजिंक्य करणारा ‘आयडीडीक्यूडी’ हा संकेत वह्यांच्या मागच्या पानांवर लिहून फिरे. परक्या मशीनवर वेळ थोडा मिळायचा, तेव्हा मरून पुन्हा सुरुवात करणे परवडत नसे. अशा खेळणाऱ्याला चीट कोड म्हणजे आळस नव्हता, गरज होती.

घरात संगणक आणायची वाट लॅमिंग्टन रोडवरून जात असे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले. आता तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण संगणकाच्या बाजारात हे नाव कोणी घेत नाही. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा हा बाजार आधी रेडिओच्या आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा होता. १९८४च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नवे संगणक धोरण आणले, १९९१ नंतर आयात सुटसुटीत झाली, आणि १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला तेव्हापासून सुट्या भागांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. रेझिस्टर आणि कपॅसिटर विकणाऱ्या गाळ्यांच्या शेजारी मदरबोर्ड आणि रॅम विकणारे गाळे उभे राहिले.

शीव कोळीवाड्याहून तिथे जायचे तर शीवला लोकल पकडून दादरला गाडी बदलायची आणि पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरायचे. पहिली फेरी खरेदीची नसे. ती कोटेशन काढायची असे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस असे एकेका ओळीत लिहून समोर किंमत टाकलेला कागद चार-पाच दुकानांतून गोळा करायचा, घरी आणून ताडून पाहायचा, ओळखीतल्या एखाद्या जाणत्या मुलाला दाखवायचा आणि मग पुन्हा जायचे. कंपनीचा बंद पेटीतला संगणक महाग पडे, म्हणून मध्यमवर्गीय घरांत ‘असेंबल्ड’ मशीनच येई. गेमची निवड खरे तर याच कागदावर होऊन जात असे, फक्त घरातल्या मोठ्यांना ते ठाऊक नसे. कोटेशनमधली ‘ग्राफिक कार्ड’ ही ओळ राहिली की छाटली गेली, यावर पुढच्या तीन-चार वर्षांत कोणते गेम खेळता येतील हे अवलंबून होते.

बहुधा ती छाटली जाई. संगणक घ्यायचा तो अभ्यासासाठी, असे घरोघरी सांगितले जात होते आणि बहुतेक आईवडील ते मनापासून मानत होते. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम महाराष्ट्रभर पसरला आणि सरकारी नोकरीसाठी तो लागतो म्हटल्यावर घरी सरावाला संगणक हवा, हे म्हणणे अधिक पक्के झाले. टायपिंग, तक्ते, सादरीकरण यांना वेगळे ग्राफिक कार्ड लागत नाही. मदरबोर्डवरच बसवलेली चिप, म्हणजे ‘ऑनबोर्ड’ ग्राफिक्स, पुरते. दोन-तीन हजार रुपये वाचवणाऱ्या वडिलांचा यात काही दोष नव्हता. संगणक ही त्या काळी घरातली टीव्हीपेक्षाही महाग वस्तू होती आणि तिच्यावर मुलाचे भविष्य लावलेले होते.

ऑनबोर्ड मशीनवर जे गेम चालत, तेच लोकप्रिय झाले. सेगाचा ‘व्हर्च्युआ कॉप २’ हा १९९७ साली संगणकावर आलेला गेम याचे साधे उदाहरण. त्यात चालावे लागत नाही. कॅमेरा आपोआप पुढे सरकतो आणि खेळणारा माउसने फक्त नेम धरतो. शिकायला पाच मिनिटे पुरत, मशीनवर ताण येत नसे, आणि एकाने नेम धरला तरी बाकीचे चौघे ओरडून शत्रू दाखवू शकत. पण मध्य मुंबईतल्याच नव्हे, भारतभरच्या घरगुती संगणकांवर ज्याने घर केले तो शूटर म्हणजे ‘प्रोजेक्ट आयजीआय’.

नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने बनवलेला आणि आयडॉसने डिसेंबर २००० मध्ये बाजारात आणलेला हा गेम पाश्चात्त्य समीक्षकांना फारसा रुचला नव्हता. शत्रू मंद आहेत आणि मिशनच्या मध्ये गेम सेव्ह करता येत नाही, हे त्यांचे मुख्य आक्षेप. दोन्ही खरे आहेत. तरीही इथे तो का रुजला हे समजून घेण्यासारखे आहे. इनरलूपने आधी लढाऊ विमानाचा एक गेम बनवला होता आणि त्याचेच इंजिन आयजीआयसाठी वापरले. विमानातून दिसावा तसा लांबवरचा प्रदेश त्यात उभा राहतो : बर्फाळ टेकड्या, कुंपण घातलेले लष्करी तळ, टेहळणीचे मनोरे. ‘डूम’च्या बंदिस्त बोळांनंतर हे मोकळे रान खेळणाऱ्याला वेगळेच वाटले. दुर्बीण लावून टेकडीवर बसायचे, पहारेकऱ्यांच्या फेऱ्या पाहायच्या, उपग्रहाच्या नकाशावर तळ न्याहाळायचा, कॅमेरे बंद करायचे आणि मग आत शिरायचे. घोडदौडीपेक्षा धीराचे काम. मिशन १४, आणि प्रत्येक मिशन एका दमात पार करायचे. दहावीतला मुलगा संध्याकाळी एकच मिशन खेळायची परवानगी मिळवे आणि शेवटच्या दारापाशी मरून पुन्हा पहिल्या कुंपणाशी येई.

त्यात भर म्हणजे पहिल्या आयजीआयमध्ये अनेकांनी मिळून खेळायची सोयच नव्हती. तो फक्त एकट्याचा होता. एका सीडीवर मावत होता, ६४ एमबी रॅमवर उभा राहत होता आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सवरही अटकत अटकत का होईना चालत होता. ज्या घरात एकच संगणक, एकच खुर्ची आणि टेलिफोनचे बिल वाढवायची मनाई, त्या घरासाठीच जणू तो बेतला होता. गेम चांगला की वाईट हे ज्या अंगाने समीक्षक ठरवत, त्या अंगाने इथला खेळणारा ठरवत नव्हता, आणि त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. २००३ साली कोडमास्टर्सने आणलेल्या ‘आयजीआय २’मध्ये मर्यादित वेळा सेव्ह करायची सोय आली, अनेकांनी मिळून खेळायचीही आली, पण लोकांच्या आठवणीत पहिलाच राहिला.

२००१चा ‘मॅक्स पेन’, २००२च्या जानेवारीतला ‘मेडल ऑफ ऑनर : अलाइड असॉल्ट’, २००३चा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हे त्या मागोमाग आले. मग २००४ उजाडले आणि ऑनबोर्डवाल्यांची पंचाईत झाली. मार्चमध्ये ‘फार क्राय’, ऑगस्टमध्ये ‘डूम ३’, नोव्हेंबरमध्ये ‘हाफ-लाइफ २’. एकाच वर्षात तीन मोठे शूटर आणि तिन्ही मशीनकडून बरेच मागणारे. घासाघीस करून घेतलेले जीफोर्स एमएक्स ४४० हे त्या काळातले स्वस्त कार्ड बऱ्याच घरांत होते, पण त्यात पिक्सेल शेडर नावाची सोय नव्हती. पाण्याची चमक, धातूची झळाळी, सावल्या यांचे गणित चिपमध्येच करणारी ही सोय ज्या गेमला हवी असे तो अशा कार्डावर सुरूच होत नसे. दुकानदाराने ‘६४ एमबीचे कार्ड’ म्हणून दिलेले असे आणि गेमच्या वेष्टनावरही ६४ एमबीच लिहिलेले असे. दोन आकडे जुळूनही गेम का चालत नाही, हे समजायला अनेकांना ‘पिक्सेल शेडर’ हा शब्द शिकावा लागला. ‘हाफ-लाइफ २’ने मात्र जुन्या कार्डांसाठी चित्र साधे करून दाखवायची व्यवस्था ठेवली होती. साध्या मशीनवर तो चालला याचे श्रेय नशिबाला नाही, बनवणाऱ्यांच्या विचाराला जाते.

तेव्हापासून ‘चालेल का?’ हा या बाजारातला पहिला प्रश्न झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘क्रायसिस’ आला आणि तो प्रश्न उलटा विचारला जाऊ लागला : नवे मशीन दाखवले की ‘क्रायसिस चालतो का?’ असे पाहणारा विचारी. गेमसाठी मशीन की मशीन जोखण्यासाठी गेम, यातली रेघ पुसट झाली ती तेव्हा.

मिळण्याचा मार्ग बहुतांशी बेकायदा होता, आणि तो टाळून हा इतिहास सांगता येत नाही. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमध्ये, हाजीअलीच्या हिरा पन्नामध्ये, फोर्टच्या पदपथांवर पायरेटेड सीडी उघड मिळत. मनीष मार्केट कोळीवाड्याच्या मुलांना सोयीचे पडे, कारण हार्बरची गाडी न बदलता मशीद बंदर किंवा सीएसटीला उतरता येई. विक्रेत्याकडे नावांची यादी नाहीतर पारदर्शक पाकिटांची चळत असे. मुखपृष्ठाच्या रंगीत झेरॉक्सवरून, विक्रेत्याच्या शब्दावरून किंवा वर्गातल्या कोणी सांगितलेल्या नावावरून गेम उचलायचा. सीडी खराब निघाली तर बदलून देऊ, हे आश्वासन असे. गेम चालला नाही तर काय, यावर उत्तर नसे. कित्येक प्रती ‘रिप’ असत. जागा वाचवण्यासाठी त्यांतले चित्रफितींचे आणि संगीताचे भाग कापून टाकलेले असत, त्यामुळे कथा न कळता फक्त गोळीबार हाती येई. ‘फार क्राय’ मूळ पाच सीडींचा होता. त्यांतली चौथी वाचली गेली नाही की आधीच्या तिघींचे पैसेही पाण्यात. गल्लीतल्या सीडी लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने सीडी आणून ती हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची, हाही एक मार्ग होता.

कायदा कोरा नव्हता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्यालाही शिक्षा ठरली होती. धाडी पडत, चार दिवस यादी लपवली जाई आणि पुन्हा बाहेर येई. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या पाहणीनुसार २०११ सालीही भारतात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी ६३ टक्के विनापरवाना होते. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने जगातल्या कुप्रसिद्ध बाजारांची जी यादी काढली, तिच्यात लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट आणि हिरा पन्ना यांची नावे होती. या चोरट्या व्यवहारात गेम बनवणाऱ्यांचे नुकसान झाले हे उघडच आहे. खेळणाऱ्यांचेही झाले, आणि त्याची चर्चा कमी होते. अमेरिकेत १९९४ पासून गेमच्या वेष्टनावर वयाची शिफारस छापली जाते आणि बऱ्याच शूटरवर १७ वर्षांपुढील हे चिन्ह असते. पारदर्शक पाकिटात वेष्टनच नसल्याने ते चिन्ह इथल्या आईवडिलांपर्यंत पोहोचलेच नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती काय आहे, हे ठरवायची जी एक संधी पालकांना मिळायला हवी होती ती या बाजाराने काढून घेतली.

सरळ मार्गाने निवडायचे साधन एकच होते, ते म्हणजे मासिकासोबतची सीडी. जसुभाई समूहाने मुंबईतून काढलेले ‘चिप’ आणि २००१ पासून त्याच्या जागी आलेले ‘डिजिट’ यांच्या सीडीवर नव्या गेमचे डेमो असत. एक-दोन लेव्हल खेळून पाहायच्या, मशीनवर गेम चालतो का ते कळायचे, मन भरले तर पुढचे पाहायचे. शेअरवेअरचीच ही सुधारलेली आवृत्ती. माटुंग्याला माहेश्वरी उद्यानाभोवती जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसत आणि कोळीवाड्याहून ते अंतर चालण्यासारखे. कमी पैशांत मासिक हवे असणाऱ्याची पावले तिकडे वळत. डेमोने घडवलेली ही पिढी चोखंदळ झाली. गेमची परीक्षणे इंग्रजीतच येत आणि मराठी माध्यमातली मुले ती शब्दकोश जवळ ठेवून वाचत. या खेळांविषयी मराठीत त्या काळी नीट लिहिले गेले नाही. या भाषेच्या नियतकालिकांनी ती जागा मोकळी सोडली, हे दुर्दैवी होते.

घरात खेळायची वेळ ठरलेली होती. मुलगा शाळेतून आला की धाकट्या बहिणीचा अभ्यास, संध्याकाळी मालिका, रात्री वडिलांची झोप. स्पीकरवर गोळीबार ऐकू आला की शेजारचे दार उघडे, त्यामुळे हेडफोन ही पहिली जोडखरेदी. एका बाबतीत मात्र बेटावरची घरे नशीबवान होती. शीवपर्यंतच्या मुंबईला बेस्टची वीज मिळते, आणि २००५ नंतरची काही वर्षे उर्वरित महाराष्ट्राचा बराचसा भाग तासन्‌तास भारनियमनाखाली असताना इथले दिवे जात नव्हते. मिशनच्या मध्ये सेव्ह करता न येणारा गेम कोळीवाड्यात पूर्ण करता येई. त्याच वयाच्या, त्याच हौसेच्या गावाकडच्या मुलाला वीज कधी जाईल याचा हिशेब धरून खेळावे लागे.

घराबाहेर दुसरे जग होते. सायबर कॅफेंत तासाच्या दराने ‘काउंटर-स्ट्राइक’ रंगे, आणि तो मूळ ‘हाफ-लाइफ’ या एकट्याच्या शूटरवर बेतलेला असला तरी त्याची निवड कोणी करत नव्हते. सगळे खेळतात म्हणून तोच खेळायचा. एकट्याचा शूटर ही घरातली, निवांतपणाची गोष्ट राहिली. त्यात हरल्याचे कोणाला दिसत नाही, गोष्ट आपल्या गतीने उलगडते, आणि हवे तेव्हा थांबता येते.

इंटरनेटने ही रीत सावकाश बदलली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सुरू केले, पण ५६ केबीच्या डायल-अपवर एक सीडीभर मजकूर उतरवायला दिवसाहून अधिक वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ फोनही अडकला असता. २००५च्या सुमारास एमटीएनएलचे ब्रॉडबँड आले. २५६ केबीपीएसचा वेग अखंड मिळाला असे धरले तरी साडेचार जीबीच्या डीव्हीडीला ४० तासांच्या आसपास लागत. म्हणून सीडी-डीव्हीडीचा बाजार आणखी काही वर्षे तगला. पण ‘हाफ-लाइफ २’ने २००४ सालीच पुढची दिशा दाखवली होती. डिस्क विकत घेतली तरी वाल्व्ह कंपनीच्या स्टीम या सेवेवर नोंदणी केल्याशिवाय तो सुरू होत नसे. एकट्याच्या शूटरलाही आता तार जोडावी लागणार होती.

स्टीमवर गेम विकलेही जात, पण किमती डॉलरमध्ये होत्या आणि परदेशी व्यवहार चालणारे क्रेडिट कार्ड लागे. बँकेचे पासबुक आणि पोस्टाचे बचत खाते यांवर चालणाऱ्या घरांत ते कुठून असणार? २०१५च्या अखेरीस स्टीमने रुपयांत विक्री सुरू केली, नेट बँकिंग आणि पुढे यूपीआय चालू लागले, २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. सणासुदीच्या सवलतींत जुने मोठे शूटर वडापावच्या पंधरा-वीस जोड्यांच्या किमतीत मिळू लागले. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी फुटपाथवरून ‘मॅक्स पेन’ घेतला होता त्यांतल्या कित्येकांनी नोकरी लागल्यावर तोच गेम पैसे मोजून पुन्हा घेतला. धाडींनी जे साधले नाही ते रुपयांतल्या किमतीने बऱ्याच अंशी साधले, असे म्हणायला हरकत नाही.

या सगळ्यात आपल्या मातीतला शूटर फारसा दिसत नाही. २००२ साली मुंबईच्या मिताशी कंपनीने भगतसिंगांवरचा शूटर संगणकासाठी आणला. डिसेंबर २००८ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटापाठोपाठ हैदराबादच्या एफएक्सलॅब्सने बनवलेला ‘गजिनी’ आला. दोन्ही प्रयत्न धाडसाचे होते, पण परदेशी गेमशी तुलना होताच मागे पडले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली जगभर पोहोचला. तो शूटर नाही, पण इथली शिल्पे आणि पुराणकथा घेऊन दर्जेदार एकट्याचा गेम बनतो, हे त्याने दाखवले. मुंबई मात्र परदेशी गेममध्ये येऊन गेली. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हच्या २०१८ मधल्या ‘हिटमॅन २’मध्ये एक पूर्ण मिशन मुंबईच्या वस्तीत घडते. दाटीची घरे, छपरांवरून जाणाऱ्या वाटा, गल्लीतली गर्दी त्यात आहे. शहराचे हे रूप गरिबीकडे झुकलेले आहे आणि ते अपुरे आहे. तरी आपल्यासारख्या गल्लीत, आपल्यासारख्या माणसांमधून चालण्याचा अनुभव इथल्या खेळणाऱ्याला त्याआधी मोठ्या गेमने क्वचितच दिला होता.

लॅमिंग्टन रोडवरची सीडी गेली, कोटेशन उरले. आता ते फोनवर येते. २०१८ नंतर मोबाइलवरच्या सामूहिक शूटरनी तरुणांचा बराचसा वेळ घेतला, आणि घरचा संगणक पुन्हा कामाचा झाला. पण एकट्याच्या शूटरची निवड करणाऱ्यासमोर जुनाच सवाल परत उभा आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘डूम : द डार्क एजेस’ला रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचे गणित, करणारे ग्राफिक कार्ड लागतेच. त्याशिवाय तो सुरू होत नाही, आणि त्याला जागा हवी १०० जीबी. पिक्सेल शेडरच्या वेळी जे झाले तेच हे. उलट बाजूला ‘डस्क’सारखे २०१८ पासूनचे छोटे शूटर आहेत. १९९०च्या दशकातल्या गेमची चाल आणि चित्रांचा साधेपणा जपून बनवलेले हे गेम साध्या मशीनवर आणि थोड्या पैशांत चालतात. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर अडलेल्या वाचकाने पहिली नजर यांच्याकडे टाकावी. मोठा गेम घ्यायचाच असेल तर वेष्टनावरच्या, म्हणजे आता गेमच्या पानावरच्या, किमान गरजांच्या यादीत कार्डाचे नाव पाहावे, नुसता एमबी-जीबीचा आकडा पाहू नये. मोठ्या गेमचे डेमो आता क्वचित मिळतात, पण २०१५च्या जूनपासून स्टीमवर दुसरी सोय आहे : घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना गेम परत करता येतो आणि पैसे परत मिळतात.